नळीवरचा हात

ठाणाकुशनूर
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय नागराज,

पत्राच्या माथ्यावर साष्टांग नमस्कार घालायची आपल्याकडे रीत आहे. माझी कंबर आता आठांपैकी तीनच अंगांना परवानगी देते. उरलेली पाच तू मनानं धर.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. तू जामनगरहून आईला, म्हणजे आमच्या काकूंना, रजई पाठवलीस, तिच्या खोक्यावरून उतरवून घेतला. रजई त्यांनी पेटीत ठेवून दिलीय. खोका मात्र रोजच्या वापरात आहे, कोंबडी त्यात अंडी घालते. फोन तू उचलत नाहीस. निरोप पाठवला की एक करडी खूण उमटते आणि तिथंच राहते. म्हणून पोस्टात गेलो. पोस्टमन पाकीट उलटंपालटं करत म्हणाला, "सर, आता कोर्टाचं असलं तरच कागद पाठवतेत लोक. रजिस्टर करू का?" म्हटलं, साधंच जाऊ दे. गुन्हा जुना आहे.

माझं ठीक चाललंय. हायस्कुलात संस्कृत शिकवतो. सव्वाशेपैकी सव्वाशे पडतात म्हणून पोरं ते घेतात, पगार पडतो म्हणून मी शिकवतो. आम्हा दोघांबद्दल देवभाषेचं काय मत आहे ते तिनं अजून कळवलेलं नाही. बायकोचं, मल्लेश्वरीचं, माझ्याबद्दलचं मत मात्र मला रोज कळतं.

अप्पा अठ्ठ्याहत्तरचे झाले. पाय शाबूत, दात शाबूत, कान तेवढे पार गेले. टीव्ही असा लावतात की शेजारच्यांनी केबल बंद केली. आमच्याच घरातून बातम्या ऐकतात. हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागतो. आई होती तोवर ती पायानं जमीन आपटून त्यांना बोलवायची. शाळेत होतो तेव्हा मला वाटायचं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ती असं करते.

आता मुद्द्यावर येतो. निर्ण्याची एक मुलगी आलीय, शैलश्री. मुलगी म्हणजे चाळिशीची. पण पन्नाशीच्या माणसाला तेवढी सवलत असावी. कलबुर्गीला चित्रकला शिकवते. आपल्या भागातली जी माणसं बोग्गुलकुंट्याच्या कोळशाच्या खाणीत गेली आणि पुढं खाण मिटल्यावर परत आली, त्यांचे आवाज ती गोळा करायलीय. मांजराच्या पिल्लाएवढा केसाळ माइक घेऊन फिरते. माघात आपल्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये प्रदर्शन करणार आहे. त्यात चित्रं किती आणि आवाज किती, हे तिचं तिलाही ठरलेलं दिसत नाही.

गल्ली सुरुवातीला लाजली. मग नागूबाईनं तोंड फोडलं. तिनं गोष्ट सांगितली नाही. नवरा पाळीवरून आल्यावर जसा खोकायचा, तसं खोकून दाखवलं. आधी घशातलं, मग छातीतलं, मग ते शेवटचं, पाणी मागायच्या आधीचं. शैलश्रीच्या डोळ्याला पाणी आलं. नागूबाई तिला म्हणाली, "रडू नगं बाई. तेवढंच तर ठेवून गेलाय तो."

तुझ्या आईनं पूर्ण दुपार दिली. क्वार्टरच्या दारातली चिंच, नळावरची तेलुगू भांडणं, तू मालगाडीचे डबे मोजत शाळा चुकवायचास ते, सगळं सांगितलं. त्या दिवसापर्यंत आल्या आणि थांबल्या. म्हणाल्या, "पुढचं गुंडप्पाअण्णा सांगतील. आन् ते सांगतील तवा माजं पोरगं हितं पायजे."

म्हणून हे पत्र.

काकूंचे गुंडप्पाअण्णा म्हणजे आमचे अप्पा काही सांगायला तयार नाहीत. शैलश्रीनं विचारलं, तर म्हणाले, ऐकू येत नाही. तिनं पाटीवर लिहून दाखवलं, तर म्हणाले, चष्मा हरवलाय. चष्मा नाकावर होता.

माझ्या आईच्या मातीच्या दिवशी तू आमच्या दारात उभा राहून जे बोललास ते मी विसरलो, असं लिहिणार नाही. आमच्याकडं चूल बंद म्हणून काकू कडू घासाची भाकरी-पिठलं घेऊन आल्या होत्या. तू टोपली हिसकावलीस आणि चारचौघांत म्हणालास, "माज्या बापाला जित्ता चिणला ह्यानं, आन् तू त्येलाच भाकर घालायलीस?" मग एस.टी.त बसलास, तो एकदम रजईच्या खोक्यातूनच परत आलास.

पण काकू थकल्यात. ये.

एकेकाळी तुझ्या पाटीवरची गणितं उतरवणारा आणि तुझ्या चुकांसकट मार खाणारा,
संगमेश्वर


१ डिसेंबर २०२४

प्रिय नागराज,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टकार्डावर एवढी कोरी जागा ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. "ठोका आला होता का? बापाला विचार. मग मला बोलाव." ना नमस्कार, ना सही. बाण सुटावा तसं आलं. मल्लेश्वरीनं वाचलं आणि म्हणाली, "ह्येला म्हनतेत पत्र. न्हाईतर तुमचं."

विचारलं नाही अजून. सहामाहीचे पेपर होते. तुरीवर अळी पडली होती. अप्पांना मध्ये दोन दिवस ताप होता. ही कारणं मी तुला जशी लिहितोय तशीच माझी मलाही सांगून पाहिली. माझाही विश्वास बसला नाही.

शैलश्रीला ठोका म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो. कुठं चुकत असेन तर दुरुस्त कर. आपण दोघं तेव्हा पंधरा वर्षांचे होतो आणि वर उभे होतो, आपल्याला दिसत होता तो फक्त धूर.

तुझे वडील अंबाजीकाका पंपखलाशी. पार आतल्या टोकाला पंपाजवळ बसायचे. पंपाची लोखंडी नळी तिथून निघून बोगद्याच्या कडेकडेनं बाहेरपर्यंत यायची. निरोप द्यायचा तर नळीवर ठोका द्यायचा. त्या दिवशी मधल्या भागात आग लागली. काकांना आणायला गेलेली माणसं धुरानं पडली, त्यांनाच उचलून आणावं लागलं. शेजारच्या भागात अजून पाळीची सगळी माणसं होती, आग तिकडं पोचली असती तर स्फोट झाला असता. म्हणून आडभिंत घालून आगीचा वारा तोडायचा हुकूम झाला. खाणीचे गवंडी आमचे अप्पा. भिंत त्यांनी घातली. नळी भिंतीतून आरपार होती.

आत माणूस राहिला असेल तर गवंड्यानं शेवटची वीट बसवायच्या आधी नळीवर ठोका द्यायचा आणि थांबायचं, ही खाणीतली रीत. आत जीव असेल तर तो उलट ठोका देतो. ठोका आला तर भिंत फोडायची, मग हुकूम कोणाचाही असो.

अप्पांनी ठोका दिला, थांबले आणि वीट बसवली. चौकशीत म्हणाले, "काही ऐकलं नाही." पस्तीस वर्षं त्यांचं एवढंच वाक्य आहे. तू ते खोटं मानतोस. साहेबाला भिऊन ठोका गिळला, असं तुझं म्हणणं. मी ते खरं मानतो. मुलगा आहे म्हणून मानतो, दुसरा आधार नाही.

आमच्या शास्त्रात एक घडा आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, हे ज्ञान खरं धरायचं की नाही, यावर पंडित पिढ्यान्‌पिढ्या भांडले. शेवटी ठरलं, धरायचं, पण अट आहे. घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा आणि बघणाऱ्याला डोळे हवेत. आंधळ्यानं "घडा नाही" म्हटलं तर त्याला ज्ञान म्हणत नाहीत.

तू म्हणशील, माझा बाप गेला आणि हा घडे मोजायलाय. बरोबर आहे. माणूस घाबरला की जे येतं तेच बोलत बसतो. मला एवढंच येतं.

विचारतो. मग लिहितो.

संगमेश्वर


१७ डिसेंबर २०२४

नागराज,

विचारलं.

दुपारी अप्पा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. पाटीवर लिहिलं, "नागूनं विचारलंय. ठोका आला होता का?" आणि समोर धरली. त्यांनी वाचलं. या वेळी चष्मा हरवला नाही. धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली, जणू माझं अक्षर वाईट होतं.

म्हणाले, "वाजिवली. थांबलाव. परत वाजिवली. सायेब मागं हुबा राहून तोंड हालवायला होता, तरी थांबलाव."

मी लिहिलं, "तोंड हलवत म्हणजे?"

"म्हंजी काय. वरडायलाच असंल. मला ऐकू कुटं यायलं होतं."

मी खडू पाटीवर टेकवला. तेच पुढं बोलत राहिले, शेंगांकडं बघत. आदल्या उन्हाळ्यात सुरुंग जवळ उडाला होता. तेव्हापासून एक कान पुरता गेला आणि दुसऱ्यात नुसता भुंगा. कोणाला सांगितलं नाही. "बहिऱ्याला खाली ठेवत न्हाईत. छत पडायच्या आदी बोलतंय, ते ऐकू आलं पायजे. वर काडून टाकतेत. मग क्वार्टर गेलं, तुजी शाळा गेली. तुज्या आईला ठावं होतं. अंबाजीला ठावं होतं. तोच समदं सावरून घ्यायचा."

आई पायानं जमीन आपटायची, ती तेव्हापासूनची. आणि मी तुला मागं ते गंमत म्हणून लिहिलं.

मी पाटी घेऊन आत निघून आलो. आणखी काही विचारलं नाही. ते मागून काहीतरी म्हणाले, हात वर करून. मी वळलो नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: माझ्या वडिलांनी खोटं सांगितलं नाही. त्यांनी काही ऐकलं नाही. उजेड होता, घडा होता की नव्हता देव जाणे, आणि बघायला बसवलेला माणूस आंधळा होता.

हे पत्र दोन दिवस दप्तरात घेऊन हिंडलो. शाळेच्या वाटेवर पोस्टाची पेटी आहे, ती दोनदा ओलांडली. तू मागितलं होतंस ते सोयीचं उत्तर नव्हतं, खरं उत्तर होतं. म्हणून टाकतोय. याच्यानंतर येऊ नकोस, असं वाटलं तर मी समजेन.

संगमेश्वर


१ जानेवारी २०२५

प्रिय नागराज,

तुझं उत्तर नाही. कोरं कार्डसुद्धा नाही. तरी लिहितो, कारण मागच्या पत्रात मी एक मोठी चूक केली आणि ती तुझ्या घरी जाऊन पडलीय.

परवा येळवस झाली. अवसेला सगळं गाव शेतात पूजेला आणि जेवायला. काकूंनी आम्हाला त्यांच्या शेतात बोलावलं होतं. तू नसतोस तेव्हापासून दरवर्षी बोलावतात, हे तुला आवडणार नाही, पण आहे ते असं आहे. ज्वारीच्या कडब्याची खोप, आत पांडव म्हणून पाच दगड मांडलेले, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यात आंबील. अप्पा इतकी आंबील प्याले की मल्लेश्वरी म्हणाली, "मामांजीला आता बांधावर निजवावं लागतंय." ते खरोखरच जाऊन निजले.

काकू मडकं विसळायला विहिरीवर गेल्या तशी मीही गेलो. मला राहवेना. सांगून टाकलं, "काकू, अप्पांना तेव्हा ऐकूच येत नव्हतं."

त्यांनी मडकं खाली ठेवलंसुद्धा नाही. "हे सांगायला इतकं दीस घेतलास व्हय? मला तवाच ठावं."

"तेव्हाच म्हणजे?"

"तवाच म्हंजी तवाच. नागूचा बाप घरी येऊन सांगायचा न्हाई का. तुजी आई गुरुबाई तर माज्याम्होरं रडली होती."

"मग नागूला का नाही सांगितलं?"

"काय सांगू?" आता त्यांनी मडकं ठेवलं. "तुज्या बापाचा ठोका ऐकायला बहिरा बसिवला होता, असं सांगू? पंदरा वर्साचं पोरगं. इळा घेऊन उटला असता. अण्णानं खोटं सांगितलं म्हनून राग धरला, धरू दे. रागानं मानूस लांब जातंय. इळ्यानं कुटं जातंय?"

मी त्यांच्या हातातला दोर घेऊन घागर उपसून दिली.

मग त्यांनी विचारलं, "हाताचं सांगितलं का न्हाई अण्णानं?"

"कोणत्या हाताचं?"

त्या माझ्याकडं असं बघायला लागल्या की शाळेत मी ज्या पोरांकडं तसं बघतो त्यांची मला दया आली. "इतकं शिकलास संगू. आन् अर्दं ऐकून उटलास?"

नागू, खाणीत छत तपासताना एक हात छताला लावतात आणि दुसऱ्या हातानं काठी मारतात. पोकळ असेल तर छत तळव्याला थरथरतं. कान फसतो, तळवा फसत नाही, असं जुने लोक म्हणायचे. अप्पांचे कान गेल्यावर तुझ्या वडिलांनी त्यांना हीच विद्या नळीवर शिकवली. आत बसून ठोके द्यायचे आणि अप्पांनी बाहेर नळीला तळवा लावून ओळखायचे. घरी आल्यावर खाटेच्या लोखंडी पायावर दोघांचा सराव चालायचा. तुझ्या वडिलांचा स्वतःचा एक ठोका होता: एक, मग जरा थांबून दोन लगोलग. "मी हाय" असा त्याचा अर्थ. काकू म्हणाल्या, दारावरसुद्धा तसाच वाजवायचे.

तर त्या दिवशी अप्पा कानानं ऐकत नव्हतेच. नळीला हात लावून उभे होते. अंगणात ते मागून हात वर करून जे सांगत होते ते बहुधा हेच. मी वळलो असतो तर मागचं पत्र तुला गेलंच नसतं.

"मग झालं की, काकू," मी म्हणालो. "हातानं ऐकलं. ठोका नव्हता."

"तुला झालं." त्या पदराला हात पुसत राहिल्या. "मी त्यो हात ऐकताना कवा बगितला? ते दोगं खाली असायचे, मी वर. खाटंवर वाजवायचे तवा मी भाकरी थापायची, म्हनायची पोरखेळ चाललाय. हात खरंच ऐकतो का, आन् उगं दोस्ताचं मन राकायला त्यो मान हालवायचा? पस्तीस वर्सं मी ह्येच गिळायलेय. त्येच्या घरला भाकर नेली तवा बी हेच गिळलं. मरायच्या आदी मला त्यो हात बगायचाय, संगू. नागूनं बी बगावा, असं वाटायलं होतं."

त्या बांधावर गेल्या. निजलेल्या अप्पांच्या खांद्याला हात लावून त्यांना उठवलं. एका हातावर दुसरा हात आडवा धरून भिंत दाखवली. बोट सरळ करून नळी दाखवली. मग स्वतःचा तळवा त्यांच्यासमोर धरला.

अप्पा त्या तळव्याकडं बघत उठून बसले.

"बांदतो, अक्का," म्हणाले. "कुटं बांदू ते सांगा."

प्रदर्शन रविवारी, दोन फेब्रुवारीला आहे. तूच ये, असं मी आता म्हणत नाही. ज्याला मी चुकीचं उत्तर पाठवलं त्याला आग्रह कोणत्या तोंडानं करू? पण बीदरहून औरादला शेवटची गाडी साडेसातला असते, एवढं लिहून ठेवतो.

संगमेश्वर


४ फेब्रुवारी २०२५

प्रिय नागराज,

तू आला नाहीस. साडेसातच्या गाडीला मी औरादला गेलो होतो, हे मल्लेश्वरीला सांगू नकोस. तिला मी खडू आणायला चाललो असं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आना की. समद्या औरादचा खडू आना."

भिंत अप्पांनी चार दिवसांत घातली. शैलश्रीला वाटलं होतं, प्रतीक म्हणून दोन हात उंच असली तरी पुरे. अप्पांनी तिचं काही ऐकलं नाही. तिथं त्यांचं बहिरेपण कामाला आलं. शेडच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, माथ्यापर्यंत, दीड विटेची. मी विटा देत होतो. "वीट अशी देतेत का? पोथी द्यायलास का मला?" असं गावासमोर ऐकून घेतलं. नळी भंगारवाल्याकडून बोअरची आणली आणि भिंतीतून आरपार नेऊन शेडच्या पार टोकाला टेकवली. नळीच्या वरच्या अंगाला एका विटेची जागा त्यांनी मोकळी सोडली.

रविवारी बरीच माणसं आली. पुढाऱ्यांची भाषणं मी गाळतो. त्यांनी गाळली नाहीत. कोपऱ्याकोपऱ्यातून गल्लीचे आवाज येत होते. नागूबाईचा खोकला अंधाऱ्या बाजूला लावला होता आणि नागूबाई स्वतः शेजारी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "माजाच हाय. म्हंजी त्येचा."

मग काकू पाना घेऊन भिंतीमागं गेल्या. शैलश्रीनं सगळे आवाज बंद केले. अप्पा अलीकडं स्टुलावर बसले, डोळे मिटून, उजवा तळवा नळीवर ठेवून. मला त्या मोकळ्या जागेजवळून दोघं दिसत होती, म्हणून मी तिथं उभा राहिलो. एरवी मी पुढं येणारा माणूस नाही, तुला ठाऊक आहे.

काकूंनी चार ठोके दिले. अप्पांनी डाव्या हाताची चार बोटं वर केली.

दोन दिले. दोन बोटं.

काकूंनी पाना खाली ठेवला आणि बोटाच्या पेरानं नळीला नुसतं टिचकवलं. नळीला कान लावूनही मला ते कळलं नसतं. अप्पा म्हणाले, "एक. हळू."

त्यावर काकू मांडीत हात घेऊन बसून राहिल्या. काहीच केलं नाही त्यांनी. लोक चुळबुळ करायला लागले. कोणीतरी म्हणालं, म्हातारी दमली. शैलश्री माझ्याकडं बघायला लागली. मी बोटानं तिला थांबवलं, कारण काकू दमलेल्या नव्हत्या. त्या मोकळ्या जागेतून अप्पांच्या हाताकडं बघत होत्या.

अप्पा म्हणाले, "गप हाय."

तळवा तिथंच होता.

"अजून गप हाय."

हे ऐकायला, नागू, तू इथं हवा होतास. तुझ्या आईचा चेहरा मी एकटाच बघितला आणि तो मला लिहिता येणार नाही.

शेवटी त्यांनी पाना उचलला. एक. जरा थांबून, दोन लगोलग.

अप्पांचा हात विस्तवावरून उचलावा तसा नळीवरून उठला. डोळे उघडले. "अंबाजी," म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं, शेडभर घुमलं. मग भिंतीकडं तोंड करून, "ह्यो त्येचा हाय, अक्का. त्या दिशी ह्यो आला न्हाई. हात काडला न्हाई मी. ह्येचीच वाट बगितली."

काकूंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नाही, त्या दिवशीही घेतलं नाही. नाव तिथं होऊन गेलं होतं. त्या कमरेवर हात ठेवून उठल्या, फिरून अलीकडं आल्या आणि अप्पांचा तो हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन उलटापालटा करून बघितला, बाजारात भाजी बघावी तसा.

"बरं," म्हणाल्या. "बरं झालं, अण्णा."

हा पुरावा नव्हे. मी शास्त्र शिकलोय, मला कळतं. आज जिनिंगच्या शेडमध्ये जाणता असलेला हात तेव्हा धुरात, घाईत, दोस्त आत असताना तसाच जाणता होता, हे यानं सिद्ध होत नाही. उत्तर द्यायला आत काकांना शुद्ध राहिली होती की नाही, हेही कळत नाही. पण मागं मी तुला बघणारा आंधळा होता असं लिहिलं, ते खोडून टाक. तेवढी शाई माझ्या नावावर वाया गेली.

अप्पांनी सिमेंट कालवलं, राहिलेली वीट उचलली. काकूंनी हात आडवा धरला.

"ती ऱ्हाऊ द्या. नागूचं बगायचं ऱ्हायलंय."

प्रदर्शन संपलं, शैलश्री आवाज गुंडाळून कलबुर्गीला गेली. भिंत तशीच आहे. शेडचा मालक म्हणतो, शिवरात्रीपर्यंत राहू दे. अप्पा जेवण झालं की तिकडं जातात, स्टुलावर बसतात, तळवा नळीवर ठेवतात. काल बोलवायला गेलो. खांद्याला हात लावला आणि पाटीवर लिहिलं, "झालं की आता. कोणाची वाट बघताय?"

"नागूची," म्हणाले. "बापाचा ठोका ठावं हाय मला. त्येचा ठावं न्हाई."

तुझा,
संगमेश्वर